जयूकाकूंचं प्रस्थान आणि माझी एक-सी

आमच्या फ्रीगंजच्या गल्लीतून कुणी बाहेरगावी निघालं, की त्याचा प्रवास जयूकाकूंच्या घरून सुरू होतो. गाडी कुठून सुटते, हा पुढचा प्रश्न. जायचा वार त्या दिशेला चांगला नसेल, तर त्याच्या आधीचा एखादा चांगला दिवस बघायचा आणि सामानातली एक वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरतात आणि माणूस पुढे त्याच्या सोयीनं जायला मोकळा होतो. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वस्तू नसेल तर रुमालात मूठभर तांदूळ, एक सुपारी आणि हळकुंड बांधून ठेवलं तरी चालतं. अट एवढीच, की ठेवलेलं प्रस्थान स्वतःच्या घरात परत आणायचं नाही. निघताना तिथूनच उचलायचं आणि मुक्कामाला पोचेपर्यंत जवळ बाळगायचं.

बाकीच्या शहरांत हे बंद झालं असेल. उज्जैनमध्ये पंचांग अजून मोबाइलच्या नेटवर्कपेक्षा बरं चालतं.

जयूकाकूंचं घर गल्लीच्या तोंडाशी, तळमजल्यावर. सगळ्यांना जाता-येता सोयीचं, म्हणून कधीतरी कुणीतरी तिथे पहिली पिशवी ठेवली असणार, आणि मग ती रीतच पडली. दारामागे एक लोखंडी रॅक आहे. तो चपलांसाठी घेतला होता, पण चपलांना त्यावर कधी जागा मिळाली नाही. कोटाला कोचिंगला निघालेल्या पोरांच्या पिशव्या, बँकेतल्या बदल्यांच्या एअरबॅगा, लग्नाला नागपूरला निघालेल्या बायकांच्या रुमालातल्या गाठी, असं काही ना काही त्यावर कायम असतं. ठेवायला येणाऱ्याला काकू कुठे, कशासाठी, बरोबर कोण, परत कधी, एवढं विचारतात, हातावर दही-साखर ठेवतात आणि सांगतात, की आता तू गेलायस असं समज, घरी जाऊन उगाच भांडणं उकरू नकोस.

काकू सरकारी कन्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या. त्यांच्या घराण्यातले लोक शिंद्यांच्या दरबारात दप्तर सांभाळायला होते. त्यावर त्या म्हणतात, की पूर्वजांनी कागद सांभाळले, माझ्या वाट्याला पिशव्या आल्या. गणिताच्या बाई असून प्रस्थानावर विश्वास कसा, असं मी एकदा कॉलेजातून आल्यावर फार हुशारीनं विचारलं होतं. त्यांनी मला उलट विचारलं, की तू परीक्षेला तेच निळं पेन का नेतोस? मी विषय बदलला.

अख्ख्या गल्लीला रवाना करणाऱ्या काकू स्वतः मात्र इंदूर आणि देवासच्या पलीकडे फारशा गेल्या नाहीत. वसंतकाका होते तेव्हा त्यांना प्रवासाचा कंटाळा होता. ते गेल्यावर काकूंच्या कमरेचं दुखणं सुरू झालं.

आता माझ्याबद्दल. मी अनय, काकूंच्या समोरच्या घरात राहतो. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, गुडगावच्या एका कंपनीचं काम उज्जैनमध्ये बसून करतो आणि महिन्यातून दोनदा इंदूरहून विमानानं ऑफिसात तोंड दाखवायला जातो. एवढ्या येण्या-जाण्यानं एअरलाइननं मला गोल्ड मेंबर केलं. त्यानंतर माझ्यात जो फरक पडला तो माझ्याशिवाय सगळ्यांच्या लक्षात आला होता. गोल्डचा सोनेरी टॅग मी ऑफिसच्या बॅगेला लावला, मग जिमच्या बॅगेला लावून पाहिला. एकदा आईनं मला भाजीला पाठवलं तेव्हा तो माझ्या पिशवीला लटकत होता. भाजीवाल्यानं तो उचलून पाहिला आणि हे कुठल्या शाळेचं आहे, म्हणून विचारलं.

गोल्ड मेंबरला आवडीची सीट फुकट मिळते. माझी आवडीची सीट एक-सी. पहिली रांग, पॅसेजकडेची. पाय पसरायला जागा आणि उतरताना पहिला नंबर. शिवाय जी गोष्ट मी कुणाला सांगत नसे ती अशी, की विमानातल्या प्रत्येक माणसाला आपल्या सीटवर जाताना माझ्यासमोरून जावं लागतं. त्या वेळी मी कपाळाला आठी घालून फोनमध्ये काहीतरी वाचत असतो. ते बहुतेक वेळा क्रिकेटचे स्कोअर असतात.

लग्नाच्या पंगतीत कुणी विमानाचा विषय काढला, की मी कागदी रुमालावर सीटांचा नकाशा काढून कुठली सीट कधी आणि कशी मिळवायची हे समजावून सांगत असे. ज्यांना समजावत असे त्यातले निम्मे लोक कधीच विमानात बसणारे नव्हते. आई म्हणाली, "एवढा पुढे बसतोस, तर विमान तूच का चालवत नाहीस?"

वेब चेक-इन प्रवासाच्या दोन दिवस आधी उघडतं. ते उघडल्याबरोबर एक-सी आपल्या नावावर व्हावी म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅमसुद्धा लिहिला होता. ऑफिसात लिहिलेला माझा कोड दर आठवड्याला कुठेतरी कोसळतो. हा मात्र एकदाही चुकला नाही. त्याला एक-सी सोडून दुसरं काही मागायला मी शिकवलंच नव्हतं.

मुक्ताताई ही काकूंची एकुलती एक मुलगी, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तीही गुडगावलाच असते. नवरा व्यापारी जहाजावर. ताईला दिवस गेले होते, नववा लागत होता, ब्लडप्रेशर वर-खाली होत होतं आणि नवऱ्याचं जहाज अजून कुठल्यातरी दूरच्या बंदरात अडकलेलं. पहिलं बाळंतपण, आईनं जायलाच हवं होतं. कमरेमुळे रात्रभर रेल्वेत काढायला डॉक्टरांनी काकूंना मना केलं होतं. म्हणजे विमानच. आणि विमानाचा काकूंचा इतिहास चांगला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ताईच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. तेव्हा काकू एकट्याच इंदूरहून विमानात बसल्या. दोन अनोळखी पुरुषांच्या मधली सीट होती. दार बंद व्हायची वेळ आली तशा त्या उठल्या, हवाईसुंदरीला म्हणाल्या की मला उतरायचं आहे, आणि खरोखरच उतरल्या. संध्याकाळी गल्लीत परत. वास्तुशांत त्यांनी फोनवर पाहिली. गल्लीतल्या लोकांनी महिनाभर त्यावर तोंडसुख घेतलं. काकूंनी मला एकट्याला कारण सांगितलं होतं.

"घाबरले नव्हते रे. प्रस्थानच ठेवलं नव्हतं. सगळ्यांची प्रस्थानं माझ्याकडे, माझं मी कुणाकडे ठेवणार?"

मी तेव्हा हसलो होतो. काकू हसल्या नव्हत्या.

या वेळी ताईनं बेत नीट ठरवला. मी ज्या बुधवारी ऑफिसला निघणार होतो त्याच विमानाचं काकूंचं तिकीट तिनं काढलं, खिडकीची सीट वेगळे पैसे भरून घेतली आणि मला फोन केला. विमानात चढवून द्यायला कुणीही मिळेल, पण बसून राहायला शेजारी ओळखीचं माणूस हवं, नाहीतर ती पुन्हा उतरेल, असं तिचं म्हणणं होतं.

"तू तिच्या शेजारी बस, अनय. बाकी मला काही नको."

"ताई, टेन्शनच घेऊ नकोस," मी म्हटलं. "सीट हे माझं डिपार्टमेंट आहे."

बुधवारी उत्तरेला दिशाशूल, म्हणजे त्या दिवशी त्या दिशेला निघणं वर्ज्य. तेव्हा सोमवारी सकाळी काकूंचं प्रस्थान आमच्या घरी आलं. गल्लीत ही घटनाच होती. काकू नवी साडी नेसून, हातात रुमालाची गाठ घेऊन रस्ता ओलांडताना समोरच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. आईनं त्यांना हळद-कुंकू लावलं. गाठ कुठे ठेवायची यावर चर्चा होऊन शेवटी माझ्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी तिची जागा ठरली. तिथे घरातला पसारा येत नाही, असं आई म्हणाली. माझ्या टेबलाबद्दल तिनं काढलेला हा पहिला चांगला शब्द.

काकू चहा घेत होत्या तेवढ्यात चेक-इन उघडलं आणि माझ्या प्रोग्रॅमनं टुण्ण करून एक-सी घेतली. मी खुर्ची फिरवून काकूंना पडद्यावरचा नकाशा दाखवला. निळे चौकोन रिकामे, करडे भरलेले. ही तुमची चौदा-ए, खिडकीची. काकूंनी चष्मा वर करून तिच्या शेजारच्या निळ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ही कुणाची?"

"चौदा-बी. अजून कुणाची नाही."

"मग तू घे ना."

मी हसलो. मधल्या सीटवर बसायला लागू नये म्हणून माणूस गोल्ड होतो, हे त्यांना समजावलं. हाताला जागा नाही, पायाला जागा नाही, आणि मागच्या रांगा उतरेपर्यंत दिल्लीत संध्याकाळ होते. मी मागे यायचं कशाला, तुम्हालाच पुढे आणतो की माझ्याजवळ. एक-बी रिकामी दिसते आहे. काकूंनी मान हलवली. शाळेत एखाद्या मुलीनं रीत सुंदर लिहून उत्तर चुकवलं, की त्या अशी मान हलवत.

एक-बी काही मिळेना. काकूंचं तिकीट वेगळं काढलेलं, माझं कंपनीनं काढलेलं, आणि माझं गोल्डपण फक्त माझ्या तिकिटापुरतं. मी एअरलाइनच्या चॅटबॉटशी भांडायला लागलो. आपण स्वतः असले चॅटबॉट बनवतो आणि ते कसे टाळाटाळ करतात हे आपल्याला माहीत आहे, या अभिमानात माझा बराच वेळ गेला. मान वर करून पाहिलं तेव्हा एक-बी करडी झाली होती. चौदा-बीसुद्धा.

पुढचे दोन दिवस मी ऑफिसचं काम सोडून या कामाला लागलो. गोल्ड मेंबरांसाठी वेगळी हेल्पलाइन असते. तिथली मुलगी दर वेळी आधी सांगे, की तुम्ही आमचे अत्यंत मौल्यवान ग्राहक आहात, आणि मग सांगे की काही होणार नाही. मी चौदा-बीवाल्याला हलवायला सांगून पाहिलं. माझे पॉइंट काकूंवर खर्च करायला सांगितले, पण काकू माझ्या नात्याच्या नाहीत हे कॉम्प्युटरला माहीत होतं. शेवटी मी एक ईमेल लिहिलं, बाणांचा नकाशा जोडून. तीन प्रवाशांना सरकवलं तर सगळ्यांचं कसं भलं होतं ते त्यात सिद्ध केलं होतं.

या सगळ्या खटपटीत एक गोष्ट कधीच हलली नाही. समीकरण सोडवताना मी एक-सी ही स्थिर संख्या धरली होती आणि बाकीचं जग चल. उत्तर न येण्याचं कारण तेच असेल, हे गणितात शंभरातले शंभर काढणाऱ्या मला सुचलं नाही.

ताईचा मेसेज आला, शेजारी मिळाली ना? मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ नेमका काहीच होत नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

बुधवारी टॅक्सी दारात आली. आईनं टेबलावरचं प्रस्थान उचलून माझ्या हातात दिलं, काकूंच्या हातावर दही-साखर ठेवली आणि मला बजावलं, की हे काकूंच्या जवळच असू दे. मी ते माझ्या बॅगेत टाकलं. इंदूरपर्यंत काकू फारशा बोलल्या नाहीत. गाडीच्या काचेतून मागे जाणारे टोलनाके बघत होत्या आणि मधूनच मुक्ताच्या बाळंतविड्याचं सामान पुन्हा पुन्हा तोंडपाठ म्हणत होत्या. डिंक घेतला, बाळंतशोपा घेतल्या, जुन्या मऊ साड्या घेतल्या.

एअरपोर्टवर मी त्यांना गोल्डच्या वेगळ्या लाइनीत नेलं. तिथे जमिनीवर एक लाल पायपुसणं अंथरलेलं असतं. मी त्यावर उभा राहून काउंटरवरच्या मुलीला सगळी कैफियत सांगितली. ती म्हणाली, विमान फुल्ल आहे, आत गेल्यावर एखाद्या प्रवाशाला विनंती करून बघा. काकू माझ्या मागे शांत उभ्या होत्या. त्यांची खात्री होती, की हे सगळं आपल्या दोघांच्या शेजारच्या सीटसाठीच चाललं आहे आणि ते होणारच, कारण सीट हे माझं डिपार्टमेंट होतं.

विमानात शिरल्याबरोबर मी एक-बीमधल्या गृहस्थाला विनंती केली. तो चांगला उंच होता. पाय पसरता यावेत म्हणून पैसे भरून सीट घेतली आहे, असं त्यानं सभ्यपणे सांगितलं. हवाईसुंदरीनं काकूंना हात धरून मागे नेलं, मी बरोबर गेलो. त्यांना खिडकीशी बसवलं, पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. आणि मग मी म्हणालो, की काकू, मी इथेच पुढे आहे, काही लागलं तर हे बटण दाबा.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रस्थान?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बॅगेत आहे. पुढे, वरच्या कप्प्यात."

"ते जवळ हवं."

आणतो म्हणून मी निघालो. तोवर पॅसेजमध्ये माणसांची आणि बॅगांची रांग लागली होती. मी कसाबसा पहिल्या रांगेशी पोचलो आणि गर्दी ओसरली की गाठ घेऊन जाऊ, असं ठरवून एक-सीमध्ये बसलो. पाय पसरले. खरं सांगायचं तर थोडा वेळ मला बरं वाटलं. लोक समोरून चालले होते आणि मी सवयीनं फोन काढून कपाळाला आठी घातली.

रांग संपत आली तेव्हा मागे वळून पाहिलं. डोक्यांच्या वर एक डोकं दिसत होतं. काकू उभ्या होत्या. खांद्याला पर्स होती. हवाईसुंदरी त्यांच्या दिशेनं निघाली होती. पुढचं दार अजून उघडं होतं, आणि गेल्या हिवाळ्यात नेमकं काय झालं असेल ते मला पहिल्यांदा दिसलं.

मी कप्पा उघडला, बॅगेतून गाठ काढली आणि मागे धावलो. विमानात धावता येत नाही. दोघांच्या पायांवर पाय देत गेलो असं म्हणणं बरं.

चौदाव्या रांगेतली बाहेरची दोन्ही माणसं काकूंना वाट द्यायला उठून पॅसेजमध्ये आली होती. चौदा-सीमधला एक तरुण कानात इअरफोन घालून वैतागलेला, आणि चौदा-बीमधले एक पन्नाशीचे गृहस्थ, कपाळावर गंधाचा टिळा. काकू मला बघून हळू आवाजात बोलल्या. आवाज शाळेतलाच होता, नेहमीसारखा सरळ.

"मुक्ताला सांग, मी प्रयत्न केला."

मी गाठ पुढे केली. काकूंनी ती घेतली नाही. त्या टिळेवाल्या गृहस्थांच्या मागे दाराकडे बघत होत्या. गृहस्थ मात्र गाठीकडे बघत होते.

"प्रस्थान रखा है क्या बहनजी का?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांचं राम घाटाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान होतं, हे मागाहून कळलं. सुपारी रुमालात बांधली तरी ओळखणारा माणूस. त्यांनी पुढचा प्रश्न एखाद्या वकिलासारखा विचारला, की ठेवलं कुणाच्या घरी होतं?

"हमारे।"

"तो भिया, जिसके घर रखा वो तो साथ बैठेगा ना? इन दोनों के बीच में मैं क्या कर रहा हूँ?"

असा काही नियम आहे की नाही मला माहीत नाही. आईला नंतर विचारलं तर तिनंही कधी ऐकला नव्हता. पण त्या पॅसेजमध्ये तो इतक्या ठामपणे सांगितला गेला, की हवाईसुंदरीनंही मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "आपकी सीट कौन-सी है?"

चॅटबॉट, हेल्पलाइन, ईमेल, बाणांचा नकाशा, काउंटरवरची मुलगी. दोन दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

"एक-सी," मी म्हटलं. आणि लाज वाटते, पण मी तिथे अडखळलो. चौदा-बीकडे पाहिलं. ती सीट माझ्या कल्पनेपेक्षाही अरुंद दिसत होती. मग ऐकू आलं, ते माझंच वाक्य होतं. "आगे है. लेग रूम बहुत है।" सोन्याची अंगठी मोडायला आलेला माणूस सराफाला तिचे गुण सांगतो, तसा माझा सूर होता.

गृहस्थांनी वरची पिशवी काढली, काकूंना हात जोडले आणि पुढे चालते झाले. हवाईसुंदरी म्हणाली, मॅडम, दार बंद करायचं आहे, तुम्ही बसताय ना? काकूंनी तिच्याकडे, मग माझ्या हातातल्या गाठीकडे, मग मधल्या रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"तू बस आधी," त्या मला म्हणाल्या.

मी बसलो. गुडघे पुढच्या सीटला टेकले. मग काकू बसल्या, पट्टा स्वतः लावला आणि हात पुढे केला. मी गाठ त्यांच्या तळहातावर ठेवली. दार बंद झाल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत तो मी चौदाव्या रांगेतून कधी ऐकला नव्हता. त्या आवाजासरशी काकूंनी दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं. सीटचा हात त्यांना दिसला नाही की नको होता, कोण जाणे.

विमान धावपट्टीवर वळलं तशी पकड घट्ट झाली.

"एकोणतीसचा पाढा म्हण," काकू म्हणाल्या.

"काकू, इथे?"

"म्हण."

मी म्हणायला लागलो. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, आणि तिथे अडलो. इंजिनं गरजत होती, आम्ही सीटला मागे चिकटलो होतो आणि काकू डोळे मिटून, एकेक आकडा तोडून मला पुढचं सांगत होत्या. एकशे सोळा. एकशे पंचेचाळीस. माझ्यामागून म्हण. मी म्हणत होतो. चौदा-सीमधल्या तरुणानं एका कानातला इअरफोन काढला आणि एक गोल्ड मेंबर दोनशे नव्वदपर्यंत कसा पोचतो ते शांतपणे ऐकलं. तोवर खालची शेतं लहान झाली होती.

ज्या खिडकीसाठी ताईनं वेगळे पैसे भरले होते तिच्यातून काकूंनी एकदाही बाहेर पाहिलं नाही. ऊन येतं म्हणून झडप ओढून घेतली. मी मान उंच करून पुढे पाहिलं. पहिल्या रांगेत टिळेवाले गृहस्थ पाय पसरून बसले होते. त्यांनी मागे वळून आमच्याकडे हात केला आणि आपल्या पायांकडे बोट दाखवलं. जागा खरंच खूप होती.

दिल्लीत आम्ही शेवटून चौथे उतरलो. काकू घाई करू देईनात. बाहेर मुक्ताताई एका खुर्चीवर पोट सांभाळत बसली होती, पाय सुजलेले. आईला बघून ती उठायला लागली, तशी काकूंनी लांबूनच तिला बसून राहायची खूण केली. जवळ जाऊन त्यांनी आधी तिच्या मांडीवर रुमालाची गाठ ठेवली आणि मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ताई रडली. काकू रडल्या नाहीत. त्यांनी तिच्या पायाची सूज दाबून बघितली आणि मीठ कमी कर म्हणाल्या.

थोड्या वेळानं ताईनं डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. तिला माझा अंगठा आठवला असावा.

"शेजारीच बसला होतात ना? कशी मिळाली सीट?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू बोलल्या.

"अगं, याला बिचाऱ्याला अगदी संडासाजवळ बसवलं होतं. समोर नुसती भिंत. आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही. महिन्यातून दोन चकरा मारतो, तरी अशी सीट देतात त्याला. मग मीच एका भल्या माणसाला तिकडे पाठवलं आणि याला माझ्याजवळ घेतलं."

"खरं का रे?" ताई म्हणाली.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या रुमालाची गाठ पुन्हा घट्ट करत होत्या. मी विचार केला. पहिल्या रांगेसमोर भिंत असते. भिंतीपलीकडे संडास असतो. इतके दिवस मी त्या भिंतीकडे तोंड करून, कपाळाला आठी घालून बसत होतो.

"हो ताई," मी म्हटलं आणि काकूंची बॅग उचलली.